झोपसुद्धा औषधच!

तुळजापुरात दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की भवानीमाता पलंगावर निजते ती कोजागरीपर्यंत. लढाईनंतर विश्रांती हवीच, हे धाराशिव जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण याच जिल्ह्यातला माणूस न्यूमोनियाशी किंवा सर्पदंशाशी झुंजत आयसीयूत दाखल झाला, मग ते धाराशिवचं असो वा सोलापूर-लातूरचं, की त्याच्या वाट्याला जागरण येतं.

अमेरिकेत 2004 साली अतिदक्षता विभागांतल्या 147 रात्रींच्या नोंदी तपासल्या गेल्या. एका रुग्णाजवळ रात्रभरात सरासरी 43 वेळा कुणी ना कुणी काही ना काही करायला आलं होतं. सलग दोन-तीन तास निवांत मिळाले, अशा रात्री जेमतेम सहा टक्के. झोपेचं एक आवर्तन सुमारे 90 मिनिटांचं असतं. ते मध्येच तुटत राहिलं की गाढ झोप आणि स्वप्नांची झोप फारशी येतच नाही; उरते ती वरवरची डुलकी, तीही निम्मी दिवसा. रात्रभर दिवे जळत असल्यानं मेंदूतलं घड्याळही बिघडतं, कारण अंधारात वाढणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उजेडात दबतं.

चार दिवसांनी नातेवाईक घाबरून सांगतात, ‘बाबा काहीबाही बोलतायत, नळ्या ओढतायत.’ हा डिलिरियम. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्याचं प्रमाण काही पाहण्यांमध्ये 80 टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. संसर्ग, औषधं, वय अशी त्याची कारणं अनेक. झोपमोडीशीही त्याचा संबंध दिसतो, मात्र कशामुळे काय होतं हे पक्कं ठरलेलं नाही.

‘इंजेक्शन देऊन झोपवलंय’ या शब्दांनी घरच्यांना धीर येतो. पण गुंगी वेगळी आणि झोप वेगळी. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिननं 2018च्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ झोप यावी म्हणून प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध देऊ नये, असं सुचवलं आहे. मेलाटोनिनच्या गोळीवरही मोठी आशा होती. ऑस्ट्रेलियात साडेआठशेच्या आसपास रुग्णांवर चाचणी झाली, 2022 मध्ये निष्कर्ष आले. डिलिरियम कमी झाला नाही.

आवाजाचं काय? आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा 40 डेसिबल आहे. आतल्या आयसीयूत मात्र अलार्म, सक्शन, फोन आणि गप्पा मिळून आवाज 50-60च्या घरात जातो. तरी सगळा दोष आवाजाचा नाही. झोपेच्या मोजणीत रुग्ण जागे होण्याच्या घटनांपैकी आवाजामुळे घडलेल्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच निघाल्या. बाकीच्यांमागे दुखणं, धाप, औषधं, न जुळणारा व्हेंटिलेटर अशी कारणं असू शकतात. म्हणून वेदना नीट शमवणं हा झोपेचा पहिला उपाय, असं मला वाटतं.

पुढची कामं बिनखर्चाची आहेत. रात्रीचं रक्त घेणं, कूस बदलणं, औषध देणं शक्य तेवढं एकाच फेरीत उरकावं. पहाटेचं स्पंजिंग आणि नेहमीचा एक्स-रे उजाडल्यावर करावा. अलार्मच्या मर्यादा त्या-त्या रुग्णाप्रमाणे लावाव्यात. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी द्यावी, अर्थात रुग्णाला चालत असेल तरच. एकेका सिस्टरकडे चार-पाच खाटा असतील तर हेही अवघड जातं, हे मान्य करायला हवं. मनुष्यबळाचा प्रश्न इथंही आडवा येतोच.

बाहेर सतरंजीवर बसलेल्या घरच्यांनाही यात काम आहे. चष्मा आणि कानाचं यंत्र घरून आणून सिस्टरकडे द्यावं. दिवसा भेटायला सोडलं की आज वार कोणता, वेळ काय, गावाकडे पाऊस झाला का, हे सांगत राहावं. दिवस दिवसासारखा गेला, तर रात्री झोप लागायला मदत होते.