ठेक्याची बांधणी
इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची रचना शिकताना आवाजांच्या निवडीपेक्षा त्यांच्या येण्याजाण्याचा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण चार मात्रांचे आवर्तन आठ किंवा सोळा वेळा फिरल्यावर येणाऱ्या सांध्यावरच बहुधा नवे वाद्य दाखल होते. भजनाची लय चढत जाते. नृत्यसंगीतात मात्र वेग सहसा स्थिर असल्याने चढ थरांनीच साधावा लागतो. ताण वाढवणारा भाग म्हणजे ‘बिल्ड-अप’ आणि ठेका पूर्ण जोराने परततो तो क्षण म्हणजे ‘ड्रॉप’. त्याआधी खर्ज काढून घेतला, तरच हे परतणे अंगावर येते. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग रोलंडच्या यंत्रांवर डिस्को ठेक्यात बांधले, आणि नवशिक्याने ते अवश्य अभ्यासावेत.