विश्लेषण : औषधांचे बिल कमी करण्याची किल्ली डॉक्टरांच्या चिठ्ठीत कशी?

‘सध्या पंधरा दिवसांच्याच द्या, बाकीच्या नंतर नेतो.’ सातारा, कराड, विटा किंवा मिरजेच्या कोणत्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभे राहिले, तर हे वाक्य हमखास कानावर पडते. उरलेल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या कधी उसाचे बिल जमा झाल्यावर येतात, कधी मुलाचा पगार झाल्यावर आणि कधी येतच नाहीत. रक्तदाब आणि मधुमेह दुखत नाहीत, त्यामुळे गोळी चुकल्याचे लगेच जाणवत नाही. जाणवते तेव्हा प्रकरण पक्षाघात किंवा मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेले असू शकते. डॉक्टरांना मात्र याचा पत्ता नसतो. ते विचारत नाहीत आणि रुग्ण संकोचाने सांगत नाही. औषधांचा खर्च कमी करण्याचे बरेच मार्ग आज उपलब्ध आहेत, पण त्यांतील बहुतेक मार्ग डॉक्टरांच्या चिठ्ठीतूनच जातात. ते कसे, हे समजून घेऊ.

दुकानदार स्वतःहून स्वस्त गोळी का देऊ शकत नाही?

‘तीच गोळी दुसऱ्या कंपनीची स्वस्तातली द्या,’ असे आपण दुकानात सहज म्हणतो. मात्र, औषध नियमावलीतील नियम ६५ (११-अ) नुसार ‘शेड्यूल एच’ आणि ‘एक्स’मधील औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवर जे लिहिले आहे त्याऐवजी दुसरे औषध देता येत नाही, मग त्यातील घटक तोच असला तरीही. रक्तदाब आणि मधुमेहाच्या बहुतेक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या या गटात मोडतात. म्हणजे चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल, तर दुकानदाराचे हात बांधलेले असतात. घटकाचे, म्हणजे जेनेरिक नाव असेल, तर निवडीला जागा राहते. रुग्णाचा महिन्याचा खर्च ठरण्यात या एका ओळीचा वाटा मोठा असतो.

दरात एवढा फरक का पडतो?

पेटंट संपले की तेच औषध अनेक कंपन्या बनवू शकतात. भारतात यातील बहुतेक औषधे पुन्हा वेगवेगळ्या ब्रँडनावांनीच विकली जातात. प्रचाराचा खर्च, वितरकांचा नफा आणि ब्रँडची ओळख यांमुळे एकाच घटकाच्या दोन गोळ्यांच्या दरात मोठी तफावत दिसते.

सरकारचे दरनियंत्रण आहे, पण ते सर्व औषधांना सारखे लागू नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत (२०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत) ज्यांचा समावेश आहे, त्यांची कमाल किंमत ‘एनपीपीए’ हे प्राधिकरण ठरवते. ती ठरते बाजारातील ब्रँडच्या सरासरी दरावरून, उत्पादन खर्चावरून नव्हे. यादीबाहेरील औषधांची किंमत कंपनी ठरवते. तिला वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, एवढेच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याचा लाभ शंभर रुपयांच्या बिलामागे साधारण सहा रुपये. ब्रँड बदलल्याने होणारी बचत याच्या कित्येक पट असू शकते.

नेमकी किती बचत? एक गणित

मधुमेहावरील ‘सिटाग्लिप्टिन’चे उदाहरण घेऊ. जुलै २०२२ मध्ये त्याचे पेटंट संपले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते जनऔषधी केंद्रांत आले. ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांच्या पाकिटाचा दर होता ६० रुपये. त्या वेळी ब्रँडेड पाकिटाचा दर १६२ ते २५८ रुपये असल्याचे केंद्र सरकारने म्हटले होते.

समजा, एका रुग्णाला दिवसातून दोन गोळ्या लागतात. महिन्याला सहा पाकिटे. जनऔषधीत ३६० रुपये, ब्रँडेडमध्ये ९७२ ते १,५४८ रुपये. वर्षाचा फरक ७,३४४ ते १४,२५६ रुपये. हा फक्त एका औषधाचा हिशेब आहे. एकाच घरात आई-वडील दोघेही रुग्ण असतील आणि प्रत्येकाला चार-पाच गोळ्या असतील, तर आकडा कुठे जाईल याचा अंदाज करता येतो.

‘एम्पाग्लिफ्लोझिन’चे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. साठ रुपयांच्या आसपास असलेली ही गोळी त्यानंतर काही भारतीय कंपन्यांनी पंधरा रुपयांहून कमी दरात आणली. त्याआधी लिहिलेली चिठ्ठी कोणी पुन्हा पाहिलीच नसेल, तर रुग्ण आजही जुन्याच महाग ब्रँडचे पैसे मोजत असण्याची शक्यता आहे.

जेनेरिक नाव लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक आहे का?

वैद्यकीय आचारसंहितेत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक डॉक्टरने औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावे, तसेच औषधांचा वापर तर्कशुद्ध असावा, असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी आणखी कडक नियम आणले. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केल्यानंतर २३ ऑगस्टला ते स्थगित झाले आणि जुने नियम पुन्हा लागू झाले. म्हणजे अपेक्षा कागदावर आहे. प्रत्यक्षात बरेच काही डॉक्टरांच्या इच्छेवर अवलंबून आहे.

मग डॉक्टरांचे आक्षेप चुकीचे आहेत का?

सगळेच नाहीत. पहिला आक्षेप दर्जाचा. काही गटांतील औषधांसाठी जैवसमतुल्यतेची, म्हणजे शरीरात दोन्ही औषधे सारखीच शोषली जातात का याची चाचणी एप्रिल २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेली अनेक औषधे बाजारात आहेत. जनऔषधीची औषधे ‘डब्ल्यूएचओ-जीएमपी’ प्रमाणित उत्पादकांकडून घेतली जातात आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासली जातात. तरीही एखादे औषध लागू पडत नसल्याचा अनुभव आला, तर डॉक्टरांनी ते अन्न व औषध प्रशासनाला कळवणे, हा दर्जा सुधारण्याचाच मार्ग आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. केवळ जेनेरिक नाव लिहिले, तर कोणता ब्रँड द्यायचा हे दुकानदार ठरवतो आणि तो जास्त नफ्याचा ब्रँड पुढे करू शकतो. हे खरे आहे. म्हणून चिठ्ठी लिहिण्याबरोबर ‘कमी दरातले मागा’ हे दोन शब्द सांगणेही महत्त्वाचे.

साताऱ्याचा अनुभव काय सांगतो?

औषधांवरील खर्चाचा विषय साताऱ्याला नवा नाही. १९९० च्या दशकात डॉ. अनंत फडके आणि सहकाऱ्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’तर्फे सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा अभ्यास केला होता. अनावश्यक आणि अशास्त्रीय औषधांवर होणारा खर्च हा त्यातील कळीचा मुद्दा होता. म्हणजे प्रश्न फक्त गोळी महाग असण्याचा नाही. नको असलेल्या गोळीचाही आहे.

दुसरा अनुभव अलीकडचा. ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला, तेव्हा पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. सोबत सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्याची पद्धत साधी आहे. ठरलेली, मोजकी जेनेरिक औषधे. सर्व डॉक्टरांसाठी एकच उपचारक्रम. घराजवळच्या आरोग्य केंद्रातून महिन्याच्या मोफत गोळ्या आणि कोण आले नाही याची नोंद. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. महागडा ब्रँड नसतानाही रक्तदाब आटोक्यात ठेवता येतो, हे सांगायला दूर जाण्याची गरज नाही.

तपासणीच्या पाच मिनिटांत डॉक्टर काय करू शकतात?

• थेट विचारणे : ‘गोळ्या परवडतात का? मागच्या महिन्यात किती दिवस चुकल्या?’ शुगर वाढली म्हणून डोस वाढवण्याआधी हा प्रश्न हवा. गोळी घेतलीच नसेल, तर नव्या गोळीने फक्त बिल वाढते.

• पिशवी पाहणे : सहा महिन्यांतून एकदा रुग्णाला घरातील सर्व औषधे घेऊन बोलवावे. एकाच घटकाच्या दोन ब्रँडच्या गोळ्या, वर्षानुवर्षे चाललेली पित्ताची गोळी, गरज नसलेली टॉनिके यातून सापडतात.

• क्रम सांगणे : पैसे कमी असतील तर कोणती गोळी कधीच चुकवायची नाही, हे चिठ्ठीवर खूण करून द्यावे. नाही तर रुग्ण टॉनिक घेतो आणि बीपीची गोळी सोडतो.

• जुनी चिठ्ठी तपासणे : पेटंट संपलेले औषध आहे का, तितकेच गुणकारी आणि स्वस्त दुसरे औषध चालेल का, हे वर्षातून एकदा पाहावे.

• सरकारी केंद्राकडे जोडून देणे : निदान खासगीत झाले तरी रोजची गोळी गावातील उपकेंद्रातून घेता येईल का, हे सांगावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

• मुदत वाढवणे : प्रकृती स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी द्यावी. पाटणच्या डोंगरातून किंवा जतच्या टोकाच्या गावातून येणाऱ्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हाही औषधाचाच खर्च आहे.

रुग्णांनी काय करावे?

डॉक्टरांना संकोच न करता सांगा : ‘घटकाचे नाव लिहून द्या, जनऔषधीत मिळेल असे असेल तर बघा.’ जवळचे केंद्र आणि औषधाचा दर ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल अॅपवर पाहता येतो. नियंत्रित औषधांची कमाल किंमत एनपीपीएच्या ‘फार्मा सही दाम’वर मिळते. रुग्णालयाच्या आवारातील मेडिकलमधूनच औषध घेण्याची सक्ती नाही, हेही लक्षात ठेवा. बिल जपून ठेवा.

काय टाळावे?

गोळी अर्धी करणे, एक दिवसाआड घेणे किंवा शेजाऱ्याची ‘तीच’ गोळी घेणे टाळा. काही गोळ्या तोडल्या तर त्यांचा परिणाम बदलतो. थायरॉईड, फिट्स किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या काही औषधांत अगदी थोडा फरकही महत्त्वाचा ठरतो. त्यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका आणि बदललीच तर पुन्हा तपासणी करून घ्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना फाइलबरोबर मागच्या महिन्याचे मेडिकलचे बिलही न्या आणि ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रक्तदाबाच्या आकड्याइतकाच तो आकडाही त्यांना दिसायला हवा.