उकिरडा आणि कचरा : घरगुती शब्दसंग्रहाविषयी एक विचार

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास 'सांगली' हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या या दोन्ही जिल्ह्यांत घरगुती व्यवहाराचा शब्दसंग्रह पुष्कळसा समान असावा, हे स्वाभाविकच होय. या संग्रहातील एका लहानशा शब्दगटाचा विचार येथे करावयाचा आहे. घरात काम होऊन जे उरते, त्याची नावे सांगणारा हा गट होय.

पीठ चाळून उरतो तो कोंडा, डाळ भरडून उरते ती चुणी, तेल काढून उरते ती पेंड, रस पिळून उरतो तो चोथा. उसाचे वाळलेले पान म्हणजे पाचट. रस काढल्यावर राहते ते चिपाड. या प्रत्येक नावाबरोबर त्या वस्तूचे पुढील स्थानही ठरलेले असे. कोंडा, चुणी व पेंड जनावरांच्या आंबोणात जात, चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाई. वस्त्राचेही तसेच. लुगडे मध्ये विरले की त्यास दंड घालीत. पुढे ते जुनेर होई, जुनेराची वाकळ होई आणि वाकळीच्या चिंध्यांचे अखेर पोतेरे होई.

या साऱ्यातून जे उरे त्याचे स्थान उकिरडा. हा शब्द प्राकृत 'उक्कुरुड' या शब्दाकडे जातो आणि त्याचे नाते संस्कृत 'उत्कर', म्हणजे ढीग, या शब्दाशी लावले जाते. उलट 'कचरा' या शब्दाच्या मुळाशी 'कच्चर', म्हणजे मलिन, हा शब्द आहे. एका शब्दात साठविण्याची कल्पना आहे, दुसऱ्यात घाणीची. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, या म्हणीमागे कुजलेल्या ढिगाचे खत होते हा अनुभव असावा.

आज या सर्व नावांची जागा 'कचरा' हा एकच शब्द घेत आहे. ज्यास वेगळे नाव नाही त्यास वेगळे स्थानही राहत नाही. सर्व काही एकाच बादलीत पडते. त्याचे परिणाम केवळ भाषिक नाहीत. ओल्या पदार्थांनी भिजलेला कागद पुन्हा उपयोगी पडत नाही आणि ढिगाखाली हवेवाचून कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन धरता, त्याची तापविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट असते. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कुजणारा, न कुजणारा व घरगुती घातक असे तीन भाग घरातच करावयास सांगितले. हे लहान नगरांस अशक्य नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत कराड देशात प्रथम आले.

घरी करावयाचे काम साधे आहे. भोके पाडलेल्या बादलीत भाजीच्या देठांचा व सालींचा थर घालून त्यावर दुप्पट आकारमानाचा वाळलेला पाला पसरावा. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवावा आणि आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. दुर्गंधी आली तर ओलावा अधिक व हवा कमी आहे असे समजून पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते.

जुन्या घराचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. वाकळ बहुधा टंचाईतून शिवली जाई, चुलीचा धूर फुप्फुसांस घातक होता आणि हा सारा निवाडा करण्याचे कष्ट मुख्यतः स्त्रियांच्या वाट्यास येत. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशव्या, बॅटरीचे सेल, मुदत संपलेली औषधे यांस त्या शब्दसंग्रहात स्थान असणे शक्यच नव्हते. तेव्हा जुने शब्द केवळ कोशात जतन करून भागणार नाही. त्यांच्यामागील सवय, म्हणजे टाकण्यापूर्वी वस्तूस तिचे नाव विचारणे, ही घरातील प्रत्येकाने उचलावयाची आहे.