जैव बहुवारिकांची जेलद्रव्ये आणि सजीव ऊतकांचा प्रतिसाद

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडच्या परिसरात शेताचा बांध आणि बाभूळ यांचे साहचर्य जुने आहे. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला, तर त्या पायाची पुढील हकीकत एकाच प्रकारची असते असे नाही. काही वेळा दोन-चार दिवसांत जागा लाल होते, ठणकते, पू धरते आणि पुवाबरोबर काटा बाहेर पडतो. काही वेळा दुखणे ओसरते, पण त्या ठिकाणी एक टणक गाठ बनून राहते. काटा आतच असतो, शरीराने त्याच्याभोवती भिंत बांधलेली असते. परक्या वस्तूला बाहेर टाकणे, तिला हळूहळू खाऊन संपविणे, किंवा दोन्ही न साधल्यास तिला कोंडून ठेवणे, हे शरीराचे तीन ठळक मार्ग या साध्या अनुभवात दिसून येतात. रुग्णाच्या शरीरात बुद्धिपुरस्सर ठेवावयाच्या द्रव्यांची परीक्षा ही या तीन मार्गांचीच काटेकोर तपासणी होय.

योगायोगाची गोष्ट अशी की, या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभही काट्यापासूनच झाला. एली मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने 1882 मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला त्याला आढळला. त्या निरीक्षणातून भक्षिपेशींची कल्पना उदयास आली आणि 1908 मध्ये पाउल एर्लिख यांच्यासमवेत मेच्निकॉफला नोबेल पारितोषिक मिळाले.

काट्याच्या उदाहरणात आणखी एक बोध दडलेला आहे. काटा हा सेल्युलोज व लिग्निन यांचा, म्हणजे नैसर्गिक बहुवारिकांचाच बनलेला असतो. जे निसर्गात तयार झाले ते शरीरास मानवते, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. त्याचे निराकरण करण्यास काटा पुरेसा आहे. वऱ्हाडाचे वैभव समजला जाणारा कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. अंगावरील वस्त्र म्हणून तो सुखद आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी कापसाचा बोळा चुकून पोटात राहिला, तर त्याभोवती शोथ आणि तंतुमय गाठ निर्माण होते. या विकृतीस कापसाच्या ‘गॉसिपियम’ या लॅटिन नावावरून ‘गॉसिपिबोमा’ असे नाव मिळाले आहे. मानवी शरीरात सेल्युलोज तोडणारे एन्झाइम नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे तसेच राहते. उलटपक्षी, ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी 1960 मध्ये ज्या जलधारी जेलद्रव्याची माहिती प्रसिद्ध केली, ते पूर्णतः कृत्रिम असूनही डोळ्यास सहन झाले आणि त्यातूनच मऊ स्पर्शभिंगांचा जन्म झाला. तात्पर्य, द्रव्याचे कूळ पाहून त्याच्या वर्तनाविषयी निर्णय देता येत नाही. प्रत्यक्ष परीक्षाच करावी लागते.

जेल म्हणजे बहुवारिकांच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून किंवा रासायनिक बंधांनी जोडल्या जाऊन तयार झालेले जाळे. या जाळ्यात स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवलेले असते. कोलॅजेन व जिलेटीन ही प्रथिने, समुद्रशैवलातील अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनापासून मिळणारे कायटोसान, प्राणिशरीरातच असणारे हायलुरॉनिक अम्ल आणि रेशमातील फायब्रॉइन ही या वर्गातील प्रमुख द्रव्ये होत. मऊपणा आणि पाण्याचे मोठे प्रमाण यांमुळे ती सजीव ऊतकाशी मिळतीजुळती असतात. जखम भरून काढणे, औषध सावकाश सोडणे, झिजलेल्या कूर्चेच्या जागी नव्या पेशींना आधार देणे, अशा कामांसाठी त्यांचा विचार केला जातो.

अशा द्रव्यांना ‘जैवसुसंगत’ हे विशेषण लावण्याची प्रथा आहे. या शब्दाच्या रचनेकडे लक्ष दिल्यास परीक्षेचे मर्म उलगडते. मराठीत ‘सुसंगत’ हा शब्द एकटा उभा राहत नाही, तो ‘कशाशी?’ या प्रश्नाचे उत्तर मागतो. ‘गोड’ किंवा ‘जड’ ही विशेषणे वस्तूचा गुण सांगतात, ‘सुसंगत’ हे विशेषण दोन वस्तूंमधील संबंध सांगते. डेव्हिड विल्यम्स यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यासंग्रहात नेमका हाच आशय आहे: एखाद्या विशिष्ट उपयोगात योग्य असा शारीरिक प्रतिसाद मिळवून आपले कार्य पार पाडण्याची द्रव्याची क्षमता म्हणजे जैवसुसंगतता. तेव्हा ‘अमुक जेल जैवसुसंगत आहे’ हे विधान व्याकरणदृष्ट्या पुरे वाटले, तरी अर्थदृष्ट्या अपुरे असते. कोणत्या ऊतकाशी, किती काळ आणि कोणत्या कार्यासाठी, हे सांगितल्यावाचून ते पूर्ण होत नाही.

काळाचा प्रश्न प्रथम घेऊ. रोपणाची शस्त्रक्रिया हीच एक जखम असते. पहिल्या काही तासांतच रक्तातील प्रथिने द्रव्याच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. दोन-तीन दिवसांनी त्यांची जागा महाभक्षी पेशी घेऊ लागतात. एका महाभक्षी पेशीस गिळता येणार नाही एवढा मोठा कण असेल, तर अनेक पेशी एकत्र मिसळून अनेक केंद्रके असलेली बृहत्पेशी तयार होते. पुढील आठवड्यांत नव्या केशवाहिन्या फुटतात, तंतुपेशी कोलॅजेन विणू लागतात आणि द्रव्य टिकाऊ असेल तर त्याभोवती तंतुमय आवरण बनते. हे सर्व टप्पे आजाराची लक्षणे नव्हेत. ती जखम भरून येण्याची नेहमीची वाट आहे. चिंतेचा विषय असतो तो या वाटेवर कोठेतरी अडकून पडलेला, न शमणारा शोथ.

प्राण्यावर प्रयोग करण्यापूर्वी द्रव्याची परीक्षा काचपात्रात होते. जेलद्रव्याचा अर्क काढून तो वाढत्या पेशींवर घालतात. या कामी उंदराच्या तंतुपेशींचा एल-929 हा वंश फार वापरला जातो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या 10993 या मानकमालेच्या पाचव्या भागानुसार, अर्क न घातलेल्या पेशींच्या तुलनेत जिवंत पेशींचे प्रमाण 70 टक्क्यांहून खाली गेल्यास द्रव्य विषारी असण्याचा संभव मानला जातो. नैसर्गिक उगमाच्या द्रव्यांत जीवाणूंच्या भित्तिकांपासून येणाऱ्या अंतर्विषाची तपासणीही अत्यावश्यक असते. अशुद्ध अल्जिनेटाने निर्माण केलेला शोथ हा अल्जिनेटाचा दोष की त्यातील अंतर्विषाचा, हे शुद्धीकरण केल्याशिवाय कळत नाही. शुद्ध द्रव्यांतही साखळीची लांबी निर्णायक ठरू शकते. हायलुरॉनिक अम्लाच्या लांब साखळ्या शोथ शमविण्याकडे झुकतात, तर त्याच अम्लाचे लहान तुकडे शोथ चेतवितात. नाव एकच, परंतु ऊतकास मिळणारा निरोप वेगळा.

यानंतर त्याच मालेच्या सहाव्या भागात सांगितलेली रोपणपरीक्षा येते. उंदीर, घूस-उंदीर किंवा ससा यांच्या त्वचेखाली, स्नायूत किंवा हाडात नमुना ठेवतात. जागेची निवड प्रत्यक्ष उपयोगावरून ठरते. स्नायूत शांत राहिलेले द्रव्य हाडात तसेच वागेल असे गृहीत धरता येत नाही. शेजारी, ज्याचा प्रतिसाद पूर्वीपासून ज्ञात आहे असे तुलनाद्रव्य असते. न विरघळणाऱ्या द्रव्यासाठी निरीक्षणाचे आठवडे ठराविक असतात. विघटन पावणाऱ्या जेलसाठी मात्र विघटनाचा आरंभ, मध्य आणि जवळजवळ शेवट असे तीन टप्पे गाठावे लागतात. कारण धोका कित्येकदा शेवटी असतो: जाळे तुटून सुटलेले तुकडे एकदम मुक्त झाले, तर महिनाभर शांत असलेली जागा नंतर भडकू शकते.

ठरल्या दिवशी ती जागा भोवतालच्या ऊतकासह काढून फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करतात, मेणात बसवून काही मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंजकांनी रंगवितात. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल, लसीका पेशी, प्लाविका पेशी, महाभक्षी पेशी, बृहत्पेशी आणि ऊतकाचा मृत्यू यांना 0 ते 4 असे गुण देतो. या गुणांची बेरीज दुप्पट केली जाते. तीत नव्या रक्तवाहिन्या, तंतुमयता व मेदाचा शिरकाव यांचे गुण मिळवितात. शेवटी तुलनाद्रव्याची सरासरी वजा करतात. फरक 2.9 पर्यंत असल्यास प्रतिक्रिया नगण्य, 3.0 ते 8.9 सौम्य, 9.0 ते 15.0 मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजली जाते. नमुना कोणता हे वाचकास ठाऊक नसणे इष्ट होय.

आकड्यांची ही व्यवस्था उपयुक्त असली, तरी आकडा हे वाचनाचे उत्तर नव्हे. समजा, चाचणीद्रव्याची सरासरी 14 आणि तुलनाद्रव्याची 9 आली. फरक 5, म्हणून प्रतिक्रिया सौम्य. हे 5 गुण दुसऱ्या आठवड्यात महाभक्षी पेशींमुळे आले असतील, तर जेल साफ करण्याचे काम चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. तेच गुण सव्विसाव्या आठवड्यात लसीका पेशींमुळे आले, तर ते न मिटलेल्या कलहाचे चिन्ह ठरू शकते. इतकेच नव्हे, तर विघटन अपेक्षित असलेल्या जेलभोवती भक्षिपेशी मुळीच नसतील, तर त्या शांततेचाही खुलासा द्यावा लागतो.

जेलच्या बाबतीत वाचनाच्या काही खास अडचणी आहेत. छेद तयार करताना पाणी काढून टाकावे लागते. त्यामुळे जेल आकसते किंवा विरघळून जाते आणि काचपट्टीवर केवळ पोकळी उरते. ही पोकळी पाहून द्रव्य शरीराने पचविले असा निष्कर्ष काढणे घातक होय. सुईने टोचलेले जेल पसरते, सरकते, आणि छेद चुकीच्या जागेचा निघू शकतो. म्हणून जागा खुणेने निश्चित करावी लागते. काहीच न ठेवता केवळ जखम केलेला एक गटही हवा, अन्यथा सुरीचा अपराध जेलच्या माथी येतो.

ही सारी सूत्रे एकत्र पाहावयाची असतील, तर रेशमाचे उदाहरण जवळचे आहे. दुसरबीडच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात रेशीमकोशांची बाजारपेठ आहे. पुण्याच्या, 1950 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनपासून हाडाच्या दुरुस्तीसाठी सच्छिद्र आधारद्रव्ये बनविण्याचे संशोधन झाले आहे. शस्त्रवैद्य रेशमाचा टाका शतकानुशतके घालीत आले, तरी त्या जुन्या अनुभवावर विसंबून चालत नाही. कोशाच्या धाग्यावर सेरिसिन या चिकट प्रथिनाचा लेप असतो. तो काढला की नाही, यावर ऊतकाचा प्रतिसाद बदलतो. फायब्रॉइनच्या साखळ्या जितक्या घट्ट पत्र्यांच्या रचनेत बसविल्या जातात, तितके एन्झाइमांकडून होणारे विघटन मंदावते. म्हणजे कोश तोच, धागा तोच. परंतु धुण्याच्या आणि गोठविण्याच्या पद्धतीनुसार शरीरापुढे जाणारी द्रव्ये वेगवेगळी. एकाच्या परीक्षेचा दाखला दुसऱ्यास लागू पडत नाही.

या परीक्षेची किंमत मुक्या प्राण्यांना मोजावी लागते, हे विसरता येत नाही. डब्ल्यू. एम. एस. रसेल आणि आर. एल. बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेले तत्त्व आज सर्वमान्य आहे: शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन, अटळ तेथे कमीत कमी प्राणी, आणि कमीत कमी यातना. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 मध्ये झाला, त्याखाली प्रयोगांचे नियम 1998 मध्ये आले आणि प्रत्येक प्रयोगास संस्थेच्या नीतिसमितीची संमती आवश्यक ठरली. ज्या प्रयोगात तुलनागट नाही, काळाचे टप्पे चुकले आहेत, किंवा पोकळीचा अर्थ गृहीत धरला आहे, तो प्रयोग सदोष तर असतोच, शिवाय त्यातील प्राणी व्यर्थ मेलेले असतात. शास्त्रीय शिस्त आणि दया या ठिकाणी वेगळ्या राहत नाहीत.

वैद्यकीय साधनांचे भारतातील नियम 2017 मध्ये प्रसिद्ध होऊन 1 जानेवारी 2018 पासून अमलात आले. अशा द्रव्यांचा प्रबंध वाचताना अभ्यासकाने आग्रह धरावा तो पूर्ण वाक्याचा: अमुक शुद्धतेचे, अमुक रीतीने बांधलेले जेल, अमुक प्राण्याच्या अमुक ऊतकात, अमुक आठवड्यांपर्यंत, अमुक तुलनाद्रव्याच्या मानाने, अमुक प्रतिसाद देते. हे वाक्य लांबते, त्यास डौल नाही. तथापि ज्या रुग्णाच्या गुडघ्यात किंवा जबड्यात ते जेल उद्या ठेवले जाईल, त्याचे हित या लांब वाक्यातच सुरक्षित आहे.