बंबाची डागडुजी

दिवाळी तोंडावर आली की माजलगावात पहाटेचा गारवा जाणवू लागतो. पुढे पौष-माघात पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि मग न्हाणीघरातला बंब हे घराचे दैवत होऊन बसते. (एकच 'बंब' शब्द आमच्या भाषेने विस्तव पेटवणाऱ्याला दिला आणि विझवणाऱ्यालाही!) आमच्या दैवताला यंदा गळती लागली. निखारे चुरचुरून विझत, न्हाणीत धूर कोंडे, आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला खोकल्याची उबळ येई.

"बाबा, मोडीत काढा आणि गीझर आणा," असा चिरंजीवांचा निकाल. "तांबं कुणी मोडीत काढतं का रे?" हा आईचा. सौ. गालात हसत होत्या.

मी भाषेचा मास्तर. पण आकडेमोड मांडून पाहिली. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गीझर पाणी वीस अंशांवरून साठपर्यंत न्यायला वीसेक मिनिटे घेतो. वीज लागते पाऊण युनिटच्या आत. खर्च काहीच नाही म्हणा ना! परंतु त्यात थंड पाणी मिसळून हाती पडते ते जेमतेम दोन लहान बादल्या. आम्ही पाच माणसे, शिवाय मला आठचा तास. बंबाला ही अडचण नाही. वरून थंड पाणी ओतावे, तोटीतून ऊन घ्यावे. बोअरच्या जड पाण्याचा क्षार मात्र दोघांनाही छळतो. गीझरच्या कांडीवर त्याची पुटे चढतात, बंबात तो नळीला बाहेरून धरतो.

आणि बंबाचे खरे मर्म ती मधली नळीच. आत विस्तव, बाहेर पाणी. झीज होते ती तिथे. बाहेरच्या जाड पत्र्याला पिढ्यान् पिढ्या काही होत नाही. म्हणून गळका बंब कासाराच्या तराजूत टाकण्यापूर्वी गळती कुठे आहे ते पाहावे. तोटीपाशी किंवा सांध्याला असेल तर डाक लावून भागते. कोरड्या बंबाखाली जाळ राहिला तरी सांधे सुटतात. नळीच विरली असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. शेजारी नवे भोक पडते.

तांबटाने बोटांनी टिचक्या मारून पाहिल्या. "सर, अंग धट्टंकट्टं आहे. नळीच गेलीय. असा जाड पत्रा आता नव्या बंबाला मिळायचा नाही."

नवी नळी बसवायची ठरली. मात्र धुराचा प्रश्न नळीने सुटत नाही. बंद न्हाणीत लाकूड धुमसले की नुसता खोकला होत नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावाचून माणसाला गुंगवून मारतो. या बाबतीत चिरंजीवांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. तेव्हा बंब परसात, पत्र्याच्या उघड्या पडवीखाली जायचा. गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्याही तिथेच रचल्या आहेत. फ्लॅटमध्ये दोघेच राहणारे असतो तर मी मुकाट्याने गीझर घेतला असता.

"आणि बादल्या आत कोण आणणार?" सौ. पहिल्यांदा बोलल्या.

आईने नातवाकडे पाहिले. तांबटाने आठ दिवसांचा वायदा केला आहे, नरकचतुर्दशीला दहा उरलेत. तोवर गॅसवर पातेली चढताहेत.