कोपीतले मूल

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड कुटुंबे बारामती-इंदापूरची वाट धरतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचा परिसर गजबजतो. कोपीत उतरलेले भित्रे मूल मात्र अबोल होते. कोठे आणि किती महिने जायचे, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगावे. त्याची पाटी त्याच्याच गाठोड्यात बांधावी. पहाटे फडावर जाताना त्याला झोपेत सोडून न जाता, सांगून जावे. तथापि आईबापांचा दिवस फडातच सरतो. उरलेला धीर शाळेनेच द्यायला हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याने वर्गाचे दार उघडते. बाकावर सरकून जागा देणे मात्र गावाच्या हाती आहे.