तबकडी गेली, किल्ली कोणाच्या हाती?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी ‘विंडोज १०’ या संगणकीय कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नियमित आधार संपुष्टात आला. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे शाळांच्या संगणक-कक्षांत, पतसंस्थांच्या खिडक्यांमागे आणि सरकारी कचेऱ्यांच्या टेबलांवर नांदली. त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो नेहमीसारखाच सुरू झाला. परंतु प्रणालीत यापुढे सापडणारी छिद्रे बुजविण्याची जबाबदारी तिच्या निर्मात्याने सोडली होती. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ करण्यात आली खरी. पण मुदतवाढ म्हणजे कर्जमाफी नव्हे, हे हप्ते फेडण्याचा अनुभव असलेल्या मध्यमवर्गीयाला समजावून सांगावयास नको.

अशा वेळी संगणकाच्या मालकाने काय करावे? प्रणाली बदलावी, असे सरळ उत्तर आहे. तथापि हे उत्तर अमलात आणू पाहणाऱ्याला पहिल्याच पायरीवर एक वरकरणी क्षुल्लक अडचण भेटते. पूर्वी नवी प्रणाली म्हणजे चकचकीत तबकडी असे. ती आत सरकविली की पुढचे काम यंत्र करी. आज विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य संगणकांना तबकडीचा कप्पाच नसतो. मग नवी प्रणाली आत शिरणार कोणत्या दाराने? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती राहणार?

प्रश्न समजण्यासाठी यंत्राचा स्वभाव थोडा ध्यानात घ्यावयास हवा. कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकाची कारभारीण. कळफलकावर बोट पडले की अक्षर उमटविणे, कागदपत्रे जागच्या जागी ठेवणे, मुद्रणयंत्राला हुकूम देणे हा सारा संसार तीच सांभाळते. पण ज्या फांदीवर बसायचे तीच फांदी तोडता येत नाही. जुनी प्रणाली पुसून नवी बसवावयाची तर तेवढ्यापुरते यंत्राला दुसऱ्या कोणत्या तरी आधारावर उभे करावे लागते. तबकडी हा तो दुसरा आधार होता.

तोही काही अनादिकालापासून नव्हता. १९९५ साली आलेली ‘विंडोज ९५’ ही प्रणाली ज्यांनी फ्लॉपीवर विकत घेतली, त्यांना तेरा फ्लॉपी एकामागून एक यंत्राला भरवाव्या लागत आणि अकरावी खराब निघाली की पुन्हा श्रीगणेशा करावा लागे. त्याच वर्षी यंत्राने थेट सीडीवरून सुरू व्हावे यासाठीचे तांत्रिक प्रमाण ठरले आणि सीडीचे राज्य सुरू झाले. जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीने ‘मॅकबुक एअर’ हा चपटा संगणक आणला, त्यात तबकडीला जागाच नव्हती. शेजारच्या संगणकाचा कप्पा बिनतारी जोडणीने उसना घेण्याची सोय तेवढी ठेवली होती. त्याच सुमारास ‘नेटबुक’ म्हणून ओळखले जाणारे स्वस्त, छोटे संगणक विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्यांनाही कप्पा नव्हता.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी ‘विंडोज ७’ बाजारात आली, तेव्हा या नेटबुकवाल्यांची खरी पंचाईत झाली. त्यांपैकी बहुतेकांवर ‘एक्स्पी’ ही जुनी प्रणाली होती. एक्स्पीवरून सातवर थेट जाण्याची वाट कंपनीने ठेवलेली नव्हती. जुने पुसून नवे बसविणे भाग होते आणि बसविण्याची वस्तू तबकडीवर होती. तेव्हा मायक्रोसॉफ्टने प्रणाली पेनड्राइव्हवर उतरविणारे एक लहानसे साधन फुकट उपलब्ध करून दिले. गमतीचा भाग असा, की पुढच्याच महिन्यात ते मागे घ्यावे लागले. मुक्त परवान्याखाली लोकांनी लोकांसाठी लिहिलेल्या संगणकीय मजकुराचा काही भाग परवान्याच्या अटी न पाळता त्यात वापरला गेल्याचे उघडकीस आले होते. कंपनीने चूक मान्य केली आणि डिसेंबर २००९ मध्ये तेच साधन मुक्त परवान्याखाली, मूळ मजकुरासह पुन्हा प्रसिद्ध केले. बलाढ्य कंपनीच्या ग्राहकाला तबकडीविना दार उघडून देणाऱ्या साधनात सार्वजनिक विहिरीचे पाणी होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै २०११ मध्ये ॲपलने ‘लायन’ ही प्रणाली आणली, ती तबकडीवर न देता केवळ इंटरनेटवरील दुकानातून. सुमारे चार जीबीचा ऐवज उतरवून घ्यावा लागे आणि ते दुकान उघडण्यासाठी आधीची ‘स्नो लेपर्ड’ ही प्रणाली यंत्रावर असावी लागे. किंमत २९.९९ डॉलर. ज्यांची जोडणी एवढे ओझे वाहण्यास असमर्थ होती त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात तीच प्रणाली पेनड्राइव्हवर आली. तिची किंमत मात्र ६९ डॉलर. माल तोच, फरक एवढाच, की ज्याच्या दारात वेगवान जाळे होते त्याला तो स्वस्तात मिळाला आणि ज्याच्या दारात ते नव्हते त्याने दुपटीहून अधिक मोजले. तबकडी गेल्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

असे असले तरी तबकडीसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. तिच्यावर ओरखडे पडत, दमट हवेत ती बुरसे, आणि रस्त्यावर मिळणाऱ्या तिच्या चोरट्या प्रतींबरोबर कोणकोणते विषाणू घरात येत ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. शिवाय ‘विंडोज ११’चा ऐवज पाच जीबीहून मोठा आहे; ४.७ जीबीच्या नेहमीच्या डीव्हीडीवर तो मावतच नाही. कप्पा असता तरी उपयोग झाला नसता.

आणि दार खरोखर बंदही नाही. जुनी प्रणाली चालू असेल तर नव्या प्रणालीची ‘आयएसओ’ नावाची प्रतिमा-फाइल कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून पुढे अशा फाइलवर दोनदा टिचकी मारली की संगणक तिलाच तबकडी समजतो आणि तिच्यातील ‘सेटअप’ चालवून काम होते. यंत्र मुळातच सुरू होत नसेल, किंवा सर्वस्वी वेगळी प्रणाली बसवावयाची असेल, तर किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावर ती फाइल नुसती ठेवून भागत नाही. त्यासाठीच्या साधनाने ती उलगडून लिहावी लागते, आणि तसे करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते. नंतर यंत्र सुरू करतानाच एफ १२, एस्केप किंवा त्या बनावटीला लागू असलेली कळ दाबून ‘या पेनड्राइव्हवरून सुरू हो’ असे त्याला सांगावयाचे. आपली कागदपत्रे अन्यत्र उतरवून ठेवावीत आणि मजकूर कुलूपबंद ठेवणारी ‘बिटलॉकर’सारखी सोय चालू असल्यास तिचा अठ्ठेचाळीस अंकी क्रमांक आधी कागदावर लिहून घ्यावा, हे दोन नियम पाळले की धोका फारसा उरत नाही.

वस्तुतः अडचण कप्प्याची नाही, परवानगीची आहे. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची व्यवस्था यंत्रात असावी लागते, आणि इंटेलच्या बाबतीत प्रायः आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतरचे, प्रक्रियक कंपनीला मान्य आहेत. या अटींमागे सुरक्षेचे खरे कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु परिणाम असा झाला, की उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका नियमाने म्हातारी ठरली. घरगुती आवृत्ती बसविताना इंटरनेटची जोडणी आणि कंपनीकडील खाते असावे अशीही अट घालण्यात आली. तबकडीच्या काळात मालक यंत्राला विचारी, ‘तुला हे पेलेल का?’ आता यंत्र कंपनीला विचारते, ‘याला हे द्यावे का?’ प्रश्न विचारण्याची दिशाच बदलली.

प्रस्तुत लेखकाचा ज्या शाळेशी संबंध आहे तेथील बारा संगणक २०१६ साली घेतलेले. ऑक्टोबर २०२५ च्या आधी पाहणीस आलेल्या गृहस्थांनी ‘सर, हे सगळे भंगारात काढा’ असे सांगून नव्यांचे दरपत्रक पुढे केले. ज्या संस्थेत पंखा बदलण्यासाठीही ठराव करावा लागतो, तिला ते झेपणारे नव्हते. तेव्हा आम्ही पेनड्राइव्हचा मार्ग धरला आणि लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविण्याचे ठरविले. तिची एक सोय अशी, की ती यंत्रात न बसवताही पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मुद्रणयंत्र ओळखते का, मराठी उमटते का, हे आधी तपासता येते.

पहिल्या दिवशी आमच्याकडून चूक झाली. कार्यालयातील भाऊसाहेबांनी भरवशाने दिलेला पेनड्राइव्ह आम्ही वापरला आणि त्यावरील नववीच्या गुणपत्रकांची एकमेव प्रत पुसली गेली. भाऊसाहेब काही बोलले नाहीत. दोन रात्री बसून त्यांनी ती नोंदवहीवरून पुन्हा उतरविली. दुसरा धडा जुन्या पत्रव्यवहाराने दिला. वीस वर्षांपूर्वी युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली पत्रे नव्या प्रणालीत उघडली, तो समोर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पसारा! मजकूर होता, त्याचा अर्थ सांगणारा फाँट जुन्या प्रणालीबरोबर गेला होता. सुदैवाने एक यंत्र अद्याप पुसावयाचे होते. त्यातून तो फाँट मिळाला आणि सारा पत्रव्यवहार युनिकोडमध्ये आणण्याचे बरीच वर्षे टाळलेले काम त्या निमित्ताने पार पडले. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक कचेरीने प्रणाली बदलण्यापूर्वी ही तपासणी केलीच पाहिजे. बारांपैकी अकरा संगणक आज चालू आहेत. बाराव्याचे दुखणे वेगळे होते.

हा पराक्रम नव्हे आणि लिनक्स हे सर्व रोगांवरचे औषधही नव्हे. ठरावीक हिशेबी कामाची कित्येक सॉफ्टवेअरे तीवर चालत नाहीत. जेथे ती अपरिहार्य आहेत तेथे विंडोज ठेवणेच शहाणपणाचे. पण पर्याय आहे, हे ठाऊक असणे आणि ठाऊक नसणे यांत मालक आणि भाडेकरू यांच्याइतके अंतर आहे. केरळने शालेय संगणक-शिक्षणात मुक्त प्रणालीचा अंगीकार कधीच केला आणि शिक्षकांना त्यासाठी तयार केले. ज्या ‘सी-डॅक’ची स्थापना १९८८ मध्ये आपल्या पुण्यात झाली, त्याच संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली २००७ मध्ये देशापुढे ठेवली. साधन घरचे आहे; ते वापरण्याची सवय तेवढी आपण लावून घेतलेली नाही.

ती लावण्यास मोठा निधी लागत नाही. प्रत्येक शाळेने आणि कचेरीने कपाटात दोन पेनड्राइव्ह स्वतंत्र ठेवावेत: एकात सध्याची प्रणाली, दुसऱ्यात एखादी मुक्त प्रणाली, दोन्हींवर तारीख लिहिलेली असावी आणि ते दुसऱ्या कोणत्याही कामास वापरू नयेत. संगणक खरेदी करताना किमतीबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: याला आधार किती वर्षे मिळणार, आणि इंटरनेट नसताना याची प्रणाली पुन्हा कशी बसवावयाची? उत्तर लेखी घ्यावे. शिक्षण खात्याने तालुक्याच्या ठिकाणी वेगवान जोडणी असलेले एखादे केंद्र नेमून तेथून शाळांना तपासलेल्या प्रती उतरवून दिल्या, तर जाळे नसलेल्या गावाला दुप्पट किंमत मोजावी लागणार नाही. आणि माहिती-तंत्रज्ञान हा विषय शिकविणाऱ्यांनी वर्षातून एक तास, विद्यार्थ्यांच्या हातून, निरुपयोगी ठरलेले एक यंत्र जिवंत करून दाखवावे. पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा तो तास विद्यार्थ्याच्या अधिक काळ स्मरणात राहील.

यंत्र आपल्या टेबलावर आहे म्हणून ते आपले, असे मानण्याचे दिवस संपले आहेत. जे आपल्याला पुन्हा उभे करता येते तेच आपले. तबकडी गेली याचे दुःख नको. तिच्याबरोबर ही जाणीव मात्र जाऊ देता कामा नये. बोटभर लांबीच्या पेनड्राइव्हमध्ये ती किल्ली आजही मावते. ती कपाटात आहे की नाही, हे प्रत्येकाने उद्या कचेरीत गेल्यावर एकदा पाहावे.